पंगतीतला पांढरा गोटा

भाकर तव्यावरच राह्यली. हाताले पीठ तसंच, पदर खोचलेला तसाच, अन् मी मुन्नीले काखेत मारून घराच्या बाहेर. शेजारची शांताकाकू पानी घेऊन जाता जाता निस्तं एवढंच बोलली होती, "नलू, वो नलू, ते नागपूरवाले आज पंगत खोदून राह्यले वो, टिकास-फावडं घेऊन गेले सकायीच." तिले काय माहीत ते बोलनं मले कुठी लागलं. तिच्यासाठी ती गंमत होती. चप्पल घालाचं ध्यान नाई राह्यलं. पांधनीतला चिखल वायून त्याच्या कडा धारेवानी झाल्या होत्या, बोरीचे काटे पडले होते, मले काही लागतच नव्हतं. मुन्नी हिसके बसून रडून राह्यली होती अन् मी धावता धावता तिलेच सांगून राह्यली, "रडू नको वो माय, पोचतो आपन, पोचतो." पोचून काय करनार होती ते मले माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं का त्या गोल मांडलेल्या गोट्यायच्या मधात माही पयली पोरगी निजून हाय, अन् तिच्या डोक्यावर आज कोनीतरी टिकास मारनार हाय.

पंगत म्हंजे आमच्या गावाच्या वरच्या अंगाले, टेकडीच्या पायथ्याशी असलेलं पडीत. तिथी कायेभोर गोटे हायेत, गोल मांडलेले. एक गोल, त्याच्या बाजूले दुसरा, मंग तिसरा, असे वर टेकडीपर्यंत. कोनता गोटा बसलेल्या वासराएवढा, कोनता निस्ता घागरीएवढा, अर्धे मातीत रुतलेले. अन् सगळ्यात मोठ्या गोलात एक गोटा उभा, मानसाहून उंच, जरासा वाकलेला. जुने लोक सांगत, गवळ्यायची पंगत बसली होती. सगळ्यायच्या पानात पडल्याशिवाय कोनी घास घ्याचा नाई असं ठरलं, अन् वाढप्याचं वाढनं काही सरलं नाई. बसले ते बसलेच, गोटे होऊन. लग्न होऊन आली त्याच्या पयल्या दिवायीले मुन्नीच्या बाबानं मले तिथी नेलं होतं, बोरी अरबच्या बाजारातून येता येता. त्या उभ्या गोट्यावर हात ठेवून म्हनते कसे, "हा वाढप्या. तुह्या काकावानी. आपल्या लग्नात बुंदी घेऊन फिरत राह्यला, पन माह्या दोस्तायच्या पानापर्यंत काही पोचला नाई." मी लय हासली होती. ह्यायले हासवता येत होतं तेव्हा. नव्या नवरीले भेव वाटावं अशी ती जागा, पन मले नाई वाटलं. उलट वाटलं, एवढे जन बसले हायेत, सोबत हाय.

आमचं घर म्हंजे दोन खोल्या अन् मांगं कोठा. वेचा सुरू झाला का समोरची खोली कापसानं भरे अन् आमी त्याच्याच कडेले निजो. नाकात तंतू जाये, कोनी ना कोनी शिंकत राहे. सकायी आत्याबाई, म्हंजे माही सासू, चुलीत वायल्या पऱ्हाट्या घाले. कापसाचं ते झाड जयतानी तडतड वाजते, त्या आवाजानं मले जाग ये. मंग भाकर थापन्याचा आवाज, मंग मामाजीचा रेडिओ. मामाजी कापसाचा भाव आयकत, अन् भाव सांगून झाला का रेडिओचा कान असा पियत जसा त्या रेडिओनंच भाव पाडला. जवारीची भाकर, अंबाडीची भाजी, वरतून कच्चं तेल, थंडीत तुरीच्या सोल्याची भाजी अन् वांगे. अजूनबी कोनाच्या घरी सोले शिजले का मी मनानं त्या खोलीत जाऊन बसते, कापसाच्या ढिगापाशी. पन त्या घरात अजून एक वास होता, फवारनीच्या औषधाचा. ह्यायच्या आंगाचा तो वास आंघोय करूनबी जाये नाई. लेकराले उचलाच्या आधी हे आपले हात सदऱ्याले पुसत, मंग पलटून परत पुसत, मंगच घेत.

त्या सालायमदी कापसानं सगळ्यायलेच घोर लावला होता. झाड छातीएवढं, अन् बोंड फोडलं का आतमदी अयी, निस्ती कीड. घरचं बेनं बंद झालं, दुकानात दर साली नवी थैली, थैलीवर नवं चित्र. चित्रातलं बोंड पाहून मामाजी म्हने, "हे चित्रच वावरात लावलं तं बरं." इलाज म्हनून मानूस एकच करे, अजून दोन तास, म्हंजे पेऱ्याच्या दोन ओयी, वाढवू. धुरे, म्हंजे वावराचे बांध, गेले, पांधन अर्धी झाली. आमचं वावर पंगतीच्या खालच्या अंगाले होतं, तेबी वर वर सरकत गेलं. एका उन्हायात कडेचे काही गोटे ट्रॅक्टरनं लोटून धुऱ्यावर टाकले अन् तेवढी जागा पेऱ्यात घेतली. मामाजी म्हने, "पंगतीतल्या चार जनायले जरा सरकून बसाले सांगतलं, त्यात काय झालं." तेव्हा मी मुन्नीच्या येयी पोटुशी होती. माही पयली पोरगी त्याच्या आधीच गेली होती.

ते दात येन्याच्या आधी गेली. ताप आला, यवतमाळले नेता नेता एसटीतच गप झाली. नाव ठेवलं होतं तिचं, बारसं झालं होतं, पन ते नाव मी इथी लिहत नाई, ते माह्यापाशी राहू द्या. आमच्याकडे दात न आलेलं लेकरू सरनावर जायत नाईत, पुरतात, अन् जिथी नांगर फिरत नाई अशाच जागी पुरतात. गावाले अशी जागा एकच होती, पंगत. बाप जाते, आजा जाते, संग मीठ नेतात, वरतून एखादा गोटा ठेवतात. बाया जात नाईत. अन् मायले जागा सांगत नाईत, कधीच नाई. सांगतली तं ते रोज तिथीच जाऊन बसन, दुसऱ्या लेकराकडे तिचं ध्यान राहनार नाई, असं म्हनतात. मी आत्याबाईले एकदा इचारलं, "कोनत्या गोलात वो आत्याबाई?" ते चुलीकडे पाहून म्हने, "मलेबी कोनी सांगतली नव्हती." तेव्हा मले समजलं का त्यायचंबी एक तिथी हाय. त्याच्यानंतर आमी दोघी त्यावर कधी बोललो नाई, पन त्या दिवसापासून चुलीवरून उतरलेली पयली भाकर ते माह्या ताटात टाके.

पन दुधाले कोन सांगन? लेकरू गेलं तरी दूध येऊनच राह्यलं. छाती गोट्यावानी झाली, हात लावला तरी जीव जाये. आत्याबाईनं जुन्या लुगड्याची पट्टी कसून बांधली. मी कोठ्यात जाऊन दूध हातानं दाबून भितीवर सोडो, अन् त्या भितीकडे पाहून मले अशी शरम वाटे. मंग एक दिवस शेन जमा कराले पंगतीत गेली असतानी मले एक गोटा दिसला. दुसऱ्या गोलात, मधोमध, नारयाएवढा, पांढरा. बाकी सगळे काये, हाच पांढरा. आजूबाजूचं गवत जरा विरयं. मले कोनी सांगतलं नाई, मीच ठरवलं. आजूबाजूले पाह्यलं, बसली, पट्टी सोडली, अन् दूध हातानं दाबून त्या गोट्यावर सोडलं. मुंग्या आल्या. मले त्या मुंग्यायचाबी राग नाई आला. मंग मी शेनाची टोपली घेऊन नेमानं जात राह्यली. मुन्नी झाली, तिले पाजत होती तेव्हाबी, दोन थेंब तिथी. कोनाले माहीत नाई असं मले वाटे. सातवीत शाया सुटलेली पोरगी मी, मले वाटे का मी पाहून घेतलं का कोनी पाह्यत नाई, म्हंजे कोनी पाह्यतच नाई.

अन् मंग मुन्नी मांडीवर होती त्या सालच्या दिवायीनंतर नागपूरहून जीप आली. कॉलेजची पोरंपोरी अन् त्यायच्या मॅडम, गावाच्या शायेत उतरले. मॅडम आमच्या घरी चहाले आल्या, खाटेवर नाई, खाली पोत्यावर बसल्या. आत्याबाईनं इचारलं, "आमची पंगत पाह्याले आल्या का वो बाई?" मॅडम हासल्या. म्हने, "पंगत नाही हो मावशी, त्या कबरी आहेत. हजारो वर्षांपूर्वीची माणसं. आपल्या मेलेल्यांना तिथं ठेवायची, सोबत मडकी, आणि भोवती असे दगड मांडायची." आत्याबाईच्या हातातली कपबशी तिथीच थांबली. मी मात्र आतून हलकी झाली. मले वाटलं, म्हंजे ते जागा पयलेपासूनच त्याचसाठी हाय. माह्या लेकराले कोन्या परक्या ठिकानी नाई ठेवलं, ज्यायच्यात ठेवाचं त्यायच्यातच ठेवलं. मॅडम मुन्नीले मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तेवढ्यात सांगून टाकाचं होतं. पन मामाजी दारात होते, अन् मले वाटलं, फीत लावून मापं घेऊन राह्यले, घेतीन अन् जातीन. खोदतीन असं डोक्यातच आलं नाई.

तं मी पोचली. दुसऱ्या गोलाले चारी बाजूनं खुट्या ठोकून दोरी बांधली होती. त्या दोरीच्या आत माहा पांढरा गोटा. गाव सारं कडेले उभं. बबन टेलर शिलाईचं काम टाकून आला होता अन् मोठ्यानं म्हनून राह्यला होता, "सोन्याचा हंडा निघाला तं पयला हिस्सा गावाचा बरं मॅडम, आताच सांगून ठेवतो." लोक हासून राह्यले. एका पोरानं टिकास उचललं अन् मी दोरीखालून घुसून त्या गोट्यावरच बसली. मुन्नीले मांडीत घेऊन. हातावरचं पीठ वायून पांढरं झालं होतं.

"ताई, उठा, लागेल तुम्हाला," ते पोरगं घाबरून बोललं.

"मार ना," मी म्हटलं. "मार माह्यावर."

हासनं बंद झालं. बबन टेलर म्हने, "आंगात आलं का वो हिच्या?" तं मांगून शांताकाकूचा आवाज आला, "तुह्या मशीनीत घाल तोंड, बबन्या." तिले तेवढ्यात समजलं होतं. बायायले समजलं होतं. कडेच्या बायायतली कोनती कोन्या गोलाकडे पाहून राह्यली, कोनती कोन्या.

मॅडम येऊन माह्यासमोर मातीत बसल्या. मी सांगतलं. कसं सांगतलं ते आठवत नाई, रडत, अटकत, मधीच मुन्नीले गप करत. मॅडमनं टिकासवाल्या पोराले हातानंच मांगं केलं. तेवढ्यात हे वावरातून आले, पाठीवर फवारनीचा पंप तसाच, तोंडाले बांधलेला दुपट्टा गळ्यात. गर्दीतून आत आले, मले पाह्यलं, गोट्याले पाह्यलं. अन् बोलून गेले, "नलू, ऊठ. हा नाई."

मी वर पाह्यलं. "हा नाई तं कोनता?"

हे बोलनार होते. तोंड उघडलं होतं. तं मांगून मामाजी काठी टेकत आले अन् आवाज चढवून म्हने, "हाच हाय! त्याले काय आठवते? त्या दिवशी त्याचं डोकं ठिकानावर होतं का? मी माह्या हातानं ठेवली, हा गोटा मी उचलून ठेवला. सूनबाई बराबर बसली." मंग पोराकडे न पाहताच, "काय गा? हाच ना?"

ह्यायनं पाठीवरचा पंप सावरला. पंपातून थेंब थेंब औषध मातीत पडून राह्यलं होतं. मंग म्हने, "व्हय. बाबा म्हनते तेच."

मॅडमनं दोघायकडे पाह्यलं, मंग माह्याकडे. त्यायनं हळूच सांगतलं, ते बोलनं मले शब्दानं शब्द पाठ हाय. "ताई, एकदा उकरून परत भरलेली माती वेगळी दिसते. मी टिकाव लावणार नाही. ह्या ब्रशनं फक्त वरची माती झाडीन, आणि खुरपीनं थोडी. तुमची लेक इथं असेल तर मला कळेल, मी तिथंच थांबेन आणि हा गोल कायमचा सोडून देईन. नसेल, तर तेही कळेल. तुम्ही नको म्हणालात तर हात लावणार नाही. तुम्ही सांगाल तसं."

सगळे माह्याकडे पाहून राह्यले. त्या घरात आल्यापासून भाजीत मीठ किती टाकाचं हेबी मले कोनी इचारलं नव्हतं, अन् आज सासरा, नवरा, गाव, नागपूरचे लोक, सगळे माह्या तोंडाकडे. मी मामाजीकडे पाह्यलं. ते टेकडीकडे पाहून राह्यले होते. मंग ह्यायच्याकडे पाह्यलं. हे आपले हात सदऱ्याले पुसून राह्यले होते. पुसले, पलटले, परत पुसले. जसे लेकराले उचलाच्या आधी पुसत. अन् ह्यायच्या मांगं, खाली, धुऱ्याच्या पलीकडे, आमचं ते नवं काढलेलं वावर होतं, अन् तिथली बोंडं नुकतीच फुटली होती. पांढरी. उद्यापासून मलेच तिथी वेचाले जाचं होतं.

मी म्हटलं, "राहू द्या, मॅडम."

राह्यलं. मॅडमनं आपला शब्द राखला, दोरी काढली, खुट्या काढल्या, वरचा गोल खोदला. त्यात सोनं नाई निघालं, बबन टेलर तोंड पाडून दुकानात गेला. जंग खाल्लेलं लोखंड निघालं अन् एक लहान मडकं, काठ फुटलेलं. जाच्या दिवशी मॅडमनं ते मडकं मले घरी आनून दाखवलं, दोन्ही हातात धरून. मी इचारलं, "याच्यात काय होतं?" मॅडम म्हने, "अन्न असेल. दूधही असेल. आता सांगता येत नाही." आत्याबाईनं ते मडकं मांगून घेतलं, आत पाह्यलं, अन् पदरानं त्याची कड पुसली, जसं आपल्याच घरचं भांडं परत देतानी पुसतात. मंग मॅडमच्या हातात दिलं. म्हने, "आमची पंगतच बराबर होती म्हना की."

वेचा सुरू झाला. मी कापूस टाकाची ओटी बांधून वावरात उतरली. खालचे तास झाले. वरच्या तासायपाशी आली अन् पाय उचलेचना. ऊन होतं, बाया पुढं गेल्या होत्या, मी एका झाडापाशी उभी. हे मांगून आले, माह्या कमरेची ओटी सोडली अन् आपल्या कमरेले बांधली. "तू खालीच वेच. मुन्नी उन्हात हाय." एवढंच. ते वरचे तास ह्यायनं एकट्यानं वेचले, वाकून, हळू हळू, चपला काढून. मी धुऱ्यावरून पाह्यलं, चपला काढून. दुसऱ्या साली वखर चालतानी बैल त्या वरच्या कोपऱ्यापाशी आले का हे त्यायले मांगं फिरवत. तेवढा तुकडा सुटला. लोक इचारत, "काहून गा, चांगली जमीन सोडली?" हे म्हनत, "गोटाड हाय तिथी. पिकत नाई." जिथी सारे दोन तास वाढवून राह्यले होते तिथी हा मानूस जमीन सोडून राह्यला, म्हनून पारावर लय हासले त्यायले. मामाजी सारं पाह्यत, पन काही बोलले नाई. मामाजी गेले तरी बोलले नाई.

आता माहे केस पिकले. गुडघे दुखतात, तरी मी पांढऱ्या गोट्यापाशी जाते. दूध आता डब्यातलं नेते. येतानी त्या सुटलेल्या तुकड्याच्या कडेनं येते, आत पाय टाकत नाई. तिथी बोरीचं झाड झालं आपोआप, मोठं झालं. हे अंगनात बसून राहतात, कापूस सोडला, सोयाबीन पेरतात भाचे. आमी दोघं एका ताटात जेवतो म्हातारपनी, सगळं बोलतो, तेवढं सोडून. मी इचारत नाई, हे सांगत नाई. मुन्नीची पोरगी सुट्टीत येते, त्या बोरीची बोरं ओटीत भरून आनते, आंबटगोड हायेत, म्हने, "आजी, तू काहून खात नाई वो? एक तं खा." ह्यायच्याकडे पाहते तं हेबी बोर हातात घेऊन निस्ते फिरवत बसलेले.

कधी वाटते, त्या दिवशी व्हय म्हटलं असतं तं एका ठिकानी जाऊन पोटभर रडता आलं असतं. कधी वाटते, बरं झालं, मामाजीचा बोल राह्यला अन् ह्यायचे हात मीच पाह्यले, गावानं नाई. मॅडमचा तो ब्रश अजून डोयासमोर दिसते, लाकडाच्या दांडीचा, केस मऊ, लेकराच्या टायूवर फिरवावा असा. तुमी मायबाया असान, लेकरंबायवाल्या असान. तुमच्या मांडीत एक लेकरू रडून राह्यलं असतं, दुसरं एकतं तुमच्या खाली, नाईतं समोरच्या त्या पांढऱ्या कापसात, अन् तो ब्रश तुमच्या एका शब्दासाठी थांबला असता, तं तुमी काय म्हटलं असतं?